संरक्षित जंगलात पहिल्यांदाच जाताय? मग चालण्याआधी बसायला शिका

जंगलात पहिल्यांदा जाऊन आलेल्या माणसाला काय दिसलं विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर येतं, "काही नाही, नुसती झाडं." माझंही पहिल्या वेळी तेच झालं होतं. पहाटे निघून दुपारपर्यंत बारा-तेरा किलोमीटर चालले, नकाशावरचा अख्खा ट्रेल पुरा केला, आणि हाती काय लागलं तर कावळे आणि लांबून पळत गेलेलं एक हरीण, तेही पाठमोरं. दुसऱ्या दिवशी पाय इतके भरून आले की लांब जाणं शक्यच नव्हतं, मग तळ्याकाठी एका आडव्या पडलेल्या झाडाला टेकून बसून राहिले आणि त्या पाऊण तासात आदल्या दिवसभरापेक्षा जास्त बघायला मिळालं. तेव्हापासून नवीन कुणी विचारलं की मी पहिल्यांदा हेच सांगते, चालायचं कमी आणि बसायचं जास्त. बाकीचं सगळं या एका गोष्टीला मदत करण्यासाठी आहे. आता क्रमाने सांगते.

पायरी १: निघायच्या आधी घरी करायच्या गोष्टी

आपण जिथे जातोय ते नक्की कुठल्या प्रकारचं क्षेत्र आहे ते आधी बघा. सगळी संरक्षित क्षेत्रं सारखी नसतात. आययूसीएन या जागतिक संस्थेने त्यांचे सहा मुख्य प्रकार केलेत, एका टोकाला फक्त संशोधनासाठी जवळपास बंद ठेवलेल्या जागा आणि दुसऱ्या टोकाला लोकांनी लाकूडफाटा, मासे, मध वगैरे बेताने वापरायची मुभा असलेल्या. त्यामुळे एका ठिकाणी मासेमारी चालते, सायकल चालते, तंबू ठोकता येतो, म्हणून दुसरीकडेही चालेल असं धरून चालू नका. त्या क्षेत्राच्या अधिकृत साइटवर उघडण्याच्या वेळा, परवाना लागतो का, कुत्रा आणता येतो का, ड्रोनला बंदी आहे का (बऱ्याच ठिकाणी असतेच) आणि विणीच्या काळात कुठला भाग बंद असतो एवढं वाचून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते. काही देशांत अशा सार्वजनिक क्षेत्रांत ठराविक महिन्यांत परवानाधारकांना शिकार करायची परवानगी असते. तिथे जात असाल तर हंगामाच्या तारखा बघा, आणि त्या दिवसांत जायचंच असेल तर भडक नारिंगी जाकीट घाला. प्राणी घाबरतील ही काळजी नको, हरणांना नारिंगी आणि लाल रंग आपल्यासारखे ओळखू येत नाहीत. निळा मात्र त्यांना चांगला दिसतो, म्हणून जीन्सपेक्षा खाकी किंवा मातकट पँट बरी.

नकाशा फोनवर ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा आणि कुठे जातोय, किती वाजेपर्यंत परत येतोय हे घरी कुणाला तरी सांगून जा. मोघम नको, "सहापर्यंत फोन आला नाही तर या नंबरवर कळव" असं स्पष्ट. किती वेळ लागेल याचा हिशोब करायला १८९२ साली नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने दिलेला नियम अजूनही वापरतात: दर ५ किलोमीटरला १ तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी १ तास. पण हा हिशोब न थांबता चालणाऱ्याचा आहे. प्राणी-पक्षी बघत जायचं असेल तर मी तासाला एक-दीड किलोमीटरच धरते, आणि म्हणून नकाशावरचा सगळ्यात छोटा ट्रेल निवडते.

पायरी २: काय घालायचं, काय न्यायचं

यावर फार वेळ घालवू नका. पाय पूर्ण झाकणारी पँट, लांब बाह्या, टोपी, आधी वापरून मऊ झालेले बूट (नवे कोरे बूट घालून गेलात तर फोड ठरलेला), लागेल त्यापेक्षा थोडं जास्त पाणी, थोडं खाणं, शिट्टी, टॉर्च, पॉवर बँक, कचऱ्यासाठी एक पिशवी. पांढरा शर्ट टाळा. आणि चालताना कुरकुर-फरफर आवाज करणारं प्लॅस्टिकसारख्या कापडाचं जाकीटही टाळा, जंगलात तो आवाज लांबपर्यंत जातो.

पायरी ३: दुर्बीण, आणि तिचं ते कुणी न सांगितलेलं चक्र

दुर्बिणीवर ८×४२ असं काहीतरी लिहिलेलं असतं. यातला ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते, आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये, जितका मोठा तितका उजेड जास्त आत येतो. नवीन माणूस हमखास १०पट, १२पट वाली मागतो, पण जितकी पट जास्त तितका हाताचा थरथराटही जास्त दिसतो आणि दिसणारं वर्तुळही सहसा लहान होतं, मग पक्षी सापडेपर्यंत तो उडून जातो. सुरुवातीला ८×४२ किंवा वजनाला हलकी हवी असेल तर ८×३२ घ्या, नाहीतर कुणाची तरी उसनी आणा, पहिल्या दोन-तीन खेपांना ते सगळ्यात चांगलं.

आता नीट वाचा, कारण कित्येक लोक वर्षानुवर्षं दुर्बीण वापरतात आणि त्यांना हे माहीत नसतं. आपले दोन्ही डोळे एकसारखे नसतात म्हणून दुर्बीण आधी आपल्या डोळ्यांना जुळवून घ्यावी लागते. लांबची एखादी पाटी बघा. उजवा डोळा मिटा आणि मधलं मोठं चक्र फिरवून डाव्या डोळ्याला अक्षरं स्पष्ट दिसतील असं करा. मग डावा डोळा मिटा, मधल्या चक्राला हात लावू नका, आणि उजव्या डोळ्याच्या नळीवर जी छोटी कडी असते ती फिरवून उजव्या डोळ्यालाही स्पष्ट करा. (काही मॉडेलमध्ये ही कडी दुसरीकडे असते, पण काम तेच.) ती कडी कुठल्या खुणेवर आली ते लक्षात ठेवा, यापुढे फक्त मधलं चक्र फिरवायचं. चष्मा असेल तर डोळ्याजवळचे रबरी कप आत दाबायचे, नसेल तर बाहेर काढायचे. आणि पक्षी दिसला की मान खाली घालून दुर्बीण शोधायची नाही, नजर पक्ष्यावर तशीच ठेवायची आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. घरी खिडकीतून पाच-सहा वेळा करून बघा, हाताला सवय लागते.

पायरी ४: वेळ आणि वारा

सूर्य उगवल्यापासूनचे पहिले दोन तास आणि मावळायच्या आधीचे दोन तास, बस. दुपारी बरेचसे प्राणी सावलीत पडून असतात. उशिरा उठून अकराला पोचणार असाल तर त्यापेक्षा संध्याकाळची वेळ धरा, फक्त अंधार व्हायच्या आत गेटबाहेर पडायचंय हे लक्षात ठेवा.

वाऱ्याकडे नवीन माणूस अजिबात बघत नाही आणि सगळं तिथेच बिघडतं. हरणासारख्या प्राण्यांचं नाक इतकं तीक्ष्ण असतं की तुम्ही झाडामागे कितीही लपा, वारा तुमच्या पाठीकडून त्यांच्याकडे जात असेल तर तुम्ही आलाय हे त्यांना केव्हाच कळलेलं असतं. चिमूटभर कोरडी माती किंवा वाळलेल्या गवताचा चुरा हातातून सोडा, कुठे उडतो ते बघा. वारा तोंडावर येईल अशा दिशेने चालायचं. पक्ष्यांच्या बाबतीत वासाचा सहसा प्रश्न येत नाही, पण त्यांची नजर तेज असते आणि रंगही आपल्यापेक्षा जास्त दिसतात, कित्येक जातींना तर अतिनील प्रकाशही दिसतो, त्यामुळे तिथे भडक कपडे आणि हातवारे नडतात.

पायरी ५: चालायचं कसं

पंधरा-वीस पावलं चाला, थांबा, निदान अर्धा मिनिट ऐका, मग पुढे. एका लयीत धपधप चालणारा माणूस लांबून ओळखू येतो. बोलायचं असेल तर हळू आवाजात बोला, पण फुसफुसत नको, फुसफुसण्यातला तो "स स" आवाज उलट जास्त उठून कानावर जातो असा माझा अनुभव आहे. फोन सायलेंटवर. मात्र जिथे अस्वलं आहेत अशा प्रदेशात नियम बरोबर उलटा, तिथे मुद्दाम आवाज करत चालायला सांगतात, कारण अचानक समोरासमोर येणं हाच मोठा धोका. म्हणून गेटवरच्या माणसाला विचारा, "इथे काय काय आहे आणि मी कसं वागू?" असं विचारलेलं त्यांना आवडतं आणि कालच कुठे काय दिसलं तेही सांगून टाकतात.

ट्रेल सोडू नका. हे नियम म्हणून नाही तर कारण कळावं म्हणून सांगते. टिटवीच्या कुळातले पक्षी घरटं बांधतच नाहीत म्हटलं तरी चालेल, उघड्या जमिनीवर खड्यांसारखीच दिसणारी अंडी घालतात, आणि तुम्ही दोन पावलांवर उभे असलात तरी ती दिसत नाहीत. एखादा पक्षी तुमच्यासमोर पंख मोडल्यासारखा लोळत-फडफडत पळायला लागला तर त्याला जखम झालेली नसते, तो तुम्हाला अंड्यांपासून लांब न्यायचा प्रयत्न करतोय. तिथेच थांबा, पायाखाली बघा, आणि आलात त्याच वाटेने मागे फिरा. कुत्र्याला पट्टा लावायचा तोही याच कारणासाठी.

पायरी ६: बसायचं

हीच खरी पायरी. जागा निवडताना दोन वेगळ्या प्रकारचे परिसर मिळतात तिथली निवडा, म्हणजे झाडी संपून गवत सुरू होतं ती कड, किंवा लव्हाळी संपून उघडं पाणी लागतं तो काठ. पाठीला झाडाचं खोड किंवा झुडूप हवं म्हणजे तुमच्या शरीराची आकृती उठून दिसत नाही. सूर्य पाठीशी, वारा तोंडावर, दोन्ही जमत नसेल तर वारा आधी. बसण्याआधी जमीन नीट बघून घ्या, मुंग्यांची रांग नाही ना, बीळ नाही ना. लपण (प्राण्यांना न दिसता बसायचा आडोसा) बांधलेलं असेल तर उत्तमच, आणि गाडीतून फिरायची परवानगी असलेल्या ठिकाणी गाडी हीच लपण, इंजिन बंद करून आतच बसा, दार उघडून उतरलात की सगळं संपलं.

बसल्यावर पहिली दहा मिनिटं काहीच होत नाही, उलट सगळं गप्प होतं, आणि इथेच लोक कंटाळून उठतात. कमीत कमी वीस मिनिटं थांबा. आधी छोटे पक्षी परत बोलायला लागतात, मग जमिनीवरची हालचाल सुरू होते. त्या दिवशी माझ्यासमोर साधारण पंधराव्या मिनिटाला लव्हाळ्यातून एक राखाडी बगळा बाहेर आला. तो तिथेच होता, मी बसले तेव्हापासून होता, मला दिसला नव्हता. गुडघाभर पाण्यात उभा, मान खांद्यात ओढलेली, एक पाऊल उचलायचा आणि बोटं मिटून पाण्यात अशी ठेवायचा की पाण्यावर तरंगसुद्धा उठत नव्हता. मग मान सुटली. चोचीत मासा आडवा होता, त्याने तो दोन वेळा हवेत झेलून डोकं आधी येईल असा फिरवला, कारण शेपटीकडून गिळला तर कल्ले आणि पर घशात अडकतात, आणि मग त्या मानेतून खाली सरकत गेलेला फुगा मला उघड्या डोळ्यांनी दिसला. शेवटी चोच पाण्यात बुडवून दोन घोट. हे सगळं मिनिटभराचं काम, पण मी आदल्या दिवशी त्याच तळ्यावरून चालत गेले होते.

पायरी ७: दिसलं नाही तरी वाचायचं

कोण येऊन गेलं ते जमीन सांगते. चिखलात बघा. हरणाच्या खुराचा ठसा दोन पाकळ्यांचा, बदामासारखा, टोकाकडे निमुळता. मांजर कुळाच्या ठशात सहसा नखं उमटत नाहीत कारण ती आत ओढलेली असतात, कुत्रा-कोल्हा यांच्या ठशात बोटांपुढे नखांची टोकं दिसतात. ससा उडी मारतो तेव्हा मागचे लांब पाय पुढच्या पायांच्या पुढे पडतात, त्यामुळे तो कुठून कुठे गेला हे बघणारा पहिल्यांदा हमखास उलटं सांगतो. झाडाखाली राखाडी, केसाळ, अंगठ्याएवढी गोळी पडलेली दिसली तर वर बघा. घुबड भक्ष्य सहसा अख्खं गिळतं आणि न पचलेले केस-हाडं अशी गोळी करून तोंडावाटे टाकतं, काडीने उकललीत तर उंदराची कवटीसुद्धा मिळते (हात धुवा). आणि कान उघडे ठेवा. पक्षी, खारी, माकडं शिकारी दिसला की वेगळाच इशारा देतात, ज्याला जंगलात फिरणारे अलार्म कॉल म्हणतात. असा आवाज आला की आवाजाकडे नको, आवाज करणारा कुठे बघतोय तिकडे बघा.

पायरी ८: किती जवळ

साधी युक्ती. हात पूर्ण लांब करा, अंगठा वर, एक डोळा मिटा. प्राणी अंगठ्यामागे पूर्ण झाकला गेला नाही तर तुम्ही फार जवळ आहात. १८७२ साली घोषित झालेल्या अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये तर आकडेच ठरवून दिलेत: अस्वल आणि लांडग्यांपासून ९१ मीटर, बाकी बहुतेक प्राण्यांपासून २३ मीटर. पण आकड्यापेक्षा प्राणी काय सांगतोय ते महत्त्वाचं. चरणं थांबवून मान वर केली, कान तुमच्याकडे वळले, पाय आपटला, पक्ष्याने मान ताठ केली किंवा घरट्यावरून उठला, म्हणजे तुम्ही आधीच हद्द ओलांडलीय, हळूच मागे व्हा. फोटोसाठी आणखी दोन पावलं, ही जी ओढ असते ना, ती मनापासून सांगते, सोडून द्या. पक्ष्याला बोलावण्यासाठी मोबाइलवर त्याचा आवाजही वाजवू नका, विणीच्या दिवसांत तो प्रतिस्पर्धी आला समजून पिल्लं सोडून भांडायला येतो.

गवतात एकटं पाडस दिसलं तर ते हरवलेलं नसतं. हरणी पाडसाला मुद्दाम लपवून चरायला जाते आणि दूध पाजायला परत येते, तुम्ही शेजारी उभे राहिलात तर ती येत नाही. उचलू नका, निघून जा. खायला तर कुणालाच काही घालू नका. माणसाकडून खायची सवय लागलेला प्राणी पुढे हिसकावायला लागतो, चावतो, आणि मग बऱ्याचदा त्यालाच पकडावं किंवा मारावं लागतं.

पायरी ९: स्वतःला जपणं

विजा चमकायला लागल्या तर चमक आणि गडगडाट यातले सेकंद मोजा, दर ३ सेकंदांना साधारण १ किलोमीटर. ३० च्या आत आले तर उघड्या माळावरून, कड्यावरून, पाण्यातून आणि एकट्या झाडाखालून बाहेर पडा, पक्की इमारत किंवा बंद गाडी गाठा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तिथेच थांबा.

साप दिसला तर थांबा आणि त्याला जाऊ द्या. जिथे डोळा पोचत नाही तिथे हात घालायचा नाही, दगडाखाली नाही, ढोलीत नाही. चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही करू नका, अंगठी-घड्याळ काढा, तो हात किंवा पाय हलू देऊ नका आणि सरळ हॉस्पिटल गाठा.

गोचिडी लहान असतात पण काही भागांत लाइम रोगासारखे आजार पसरवतात. पँटचे पाय मोज्यात खोचा. चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेला अगदी लागून धरा आणि न पिळता सरळ वर ओढा. तेल लावणं, चटका देणं हे उपाय करू नका.

शौचाला जायची वेळ आली आणि सोय नसेल तर पाण्यापासून आणि वाटेपासून ६० मीटर लांब जाऊन १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करा, नंतर बुजवा, कागद मात्र पिशवीत भरून परत आणा.

तिथे गेल्यावर चुकीचं वाटेल असं काही

हे पायरीत बसत नाही पण सांगायलाच हवं, कारण नवीन लोक यावरून चिडून जातात. काळं पडलेलं जळकं गवत दिसलं तर तो नेहमी वणवाच असतो असं नाही, गवताळ प्रदेशात झुडपं माजू नयेत आणि जुनं वाळकं गवत साचू नये म्हणून कर्मचारी ठरवून, वारा बघून आग लावतात. तळं अर्धं आटवलेलं असेल तर तेही बऱ्याचदा मुद्दाम, उघड्या पडलेल्या चिखलावर पाणपक्ष्यांना लागणाऱ्या बियांची झाडं उगवतात. आणि वठलेली झाडं तशीच उभी ठेवलेली असतात कारण घुबडं, सुतारपक्षी, खारी यांना ढोल्या तिथेच मिळतात.

परत येताना

बूट झाडा, तळव्यांची चिखल-माती काढा, शक्य असेल तर धुऊन पूर्ण वाळवा. हे स्वच्छतेसाठी नाही. किट्रिड नावाच्या बुरशीने जगभरात ५०० च्या आसपास बेडूक-सॅलॅमँडर जातींची संख्या घटवलीय आणि ती ओल्या चिखलातूनही पसरते. न्यूझीलंडमध्ये कौरी झाडांचा रोग पसरू नये म्हणून ट्रेलच्या तोंडाशीच बूट साफ करायची जागा केलीय, तिथे कंटाळा करू नका. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत गोचीड बघा.

मग दिसलेलं लिहून ठेवा. २००२ पासून चालू असलेल्या ईबर्ड या साइटवर पक्ष्यांची यादी टाकता येते, झाडं-किडे-प्राणी सगळ्यासाठी आयनॅचरलिस्ट आहे, आणि तुमची नोंद शास्त्रज्ञांच्याही कामी येते. घुबडाचं घरटं किंवा दुर्मिळ प्राणी सापडला तर नेमकी जागा सोशल मीडियावर टाकू नका, दुसऱ्या दिवशी तिथे गर्दी होते. ऍपशिवाय एक साधी वहीही ठेवा, जागा, वेळ, वारा, काय दिसलं, बस एवढंच, आणि पुढच्या खेपेला नवीन ट्रेल न शोधता त्याच जागी जा. माझ्या वहीत त्या तळ्याच्या पानावर पहिली ओळ आहे "६:४०, पश्चिमेचा काठ, वारा समोरून, बगळा", आणि त्याखालच्या चार खेपांच्या ओळींतही वेळ दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे, काठ तोच.